टीबीचं माणूस घराबाहेर का काढायचं नाही? तीन संशोधनांचा धडा



वस्तीत कोणाला टीबी निघाला की दोन गोष्टी लगेच होतात. एक, त्या माणसाचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं निघतं. नवी सून असेल तर तिला माहेरी पाठवतात. दोन, मोबाइलवर निरोप फिरू लागतात : अमुक काढा घ्या, तमुक पावडर घ्या, ‘संशोधनात सिद्ध झालंय’. खरं संशोधन या दोन्ही गोष्टींबद्दल काय सांगतं, ते या वेळी पाहू.

वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “सिस्टर, महिन्याभरात खोकला थांबला, मग सहा महिने गोळ्या कशाला?” प्रश्न योग्य आहे. ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ हे त्याचं उत्तर नव्हे. उत्तर छापलेल्या संशोधनात आहे, आणि ते समजायला मोठी डिग्री लागत नाही.

संशोधन छापलं जातं म्हणजे काय होतं?

शेजारची बाई म्हणते, ‘मी हे औषध घेतलं आणि बरी झाले.’ ती खोटं बोलत नाही. पण ती औषधानं बरी झाली, की आपोआप होणार होती, की सोबत चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्यांनी झाली, हे एका माणसावरून कळत नाही. त्यासाठी तुलना लागते. सारख्या आजाराचे पुष्कळ रुग्ण घ्यायचे, दोन गट करायचे, एका गटाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचा. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं. नाहीतर बरे होण्यासारखे रुग्ण नकळत नव्या औषधाच्या गटात जातात आणि औषध उगाच चांगलं दिसतं.

मग काय केलं, किती रुग्ण होते, किती बरे झाले, किती दगावले, किती मधेच सोडून गेले, हे सगळं लिहून वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवतात. तिथे त्या विषयाचे दुसरे जाणकार ते वाचतात, चुका काढतात, प्रश्न विचारतात. त्यातून पार पडलं तर छापतात. छापल्यावर जगभरातले लोक ते तपासू शकतात, पुन्हा करून पाहू शकतात. विज्ञानाची ताकद या उघड तपासणीत आहे.

पहिला धडा : एकाच औषधावर भागत नाही

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली शोधला. पण जंतू मारणारं औषध हाती यायला पुढे साठेक वर्षं गेली. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. लढाईनंतरच्या इंग्लंडमध्ये हे औषध फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं. म्हणून तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं चिठ्ठ्यांची पद्धत वापरली. गट कोणता, हे बंद पाकिटात असायचं.

फुप्फुसाचा गंभीर टीबी असलेले १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे नुसती विश्रांती. एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला आहे हे सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ४ दगावले होते, विश्रांतीच्या गटातले १४. हा निबंध १९४८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला.

इथे थांबलो असतो तर वाटलं असतं, टीबी संपला. पण त्याच निबंधात दुसरी गोष्टही लिहिली होती. औषध घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या जंतूंवर काही आठवड्यांत ते औषध चालेनासं झालं. रुग्णांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दोन गटांतला फरक बराच कमी झालेला होता. म्हणजे एका औषधानं बरेच जंतू मेले, पण थोडे चिवट जंतू उरले आणि तेच वाढले. मग दोन औषधं एकत्र देऊन पाहिली, आणि चिवट जंतू वाढायचं प्रमाण खूप घटलं.

आज टीबीत सुरुवातीला चार औषधं एकत्र का देतात, याचं उत्तर हेच. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खोकला थांबला म्हणजे बहुतेक जंतू मेले. उरलेले सुस्त, चिवट जंतू मारायला बाकीचे महिने लागतात. मधेच गोळ्या सोडणं म्हणजे त्या चिवट जंतूंना मोकळं रान देणं. मग साध्या गोळ्या चालत नाहीत, त्याला आपण बिघडलेला टीबी म्हणतो, आणि त्याचा उपचार जास्त अवघड.

दुसरा धडा : मद्रासच्या गरीब घरांनी जगाला शिकवलं

औषधं आली, पण आपल्या देशापुढे वेगळाच पेच होता. त्या काळी टीबीचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम : गावाबाहेरचं इस्पितळ, वर्षभर खाट, विश्रांती, चांगलं जेवण. रुग्ण लाखोंनी होते, खाटा काही हजार. घरी उपचार चालेल का? दाट वस्तीत, एका खोलीत सगळं घर झोपतं, तिथे इतरांना लागण होईल का?

याचा शोध घ्यायला १९५६ मध्ये मद्रासला केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल त्यात होते. मद्रास शहरातल्या गरीब घरांतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठीनं काही सॅनेटोरियमला गेले, काही आपापल्या घरी राहिले. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरच्या रुग्णांच्या गोळ्या मोजल्या जात, अचानक लघवी तपासून औषध घेतलं की नाही ते पाहिलं जाई.

सॅनेटोरियमच्या रुग्णांना पोटभर सकस जेवण आणि आराम मिळाला, वजनही जास्त वाढलं. घरचे रुग्ण दाटीत राहिले, कमी खाल्लं, अनेकांना कामही करावं लागलं. तरी वर्षाअखेर आजार आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण घरी शंभरात ८६ आणि सॅनेटोरियममध्ये शंभरात ९२ होतं. हा निबंध १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. पुढे पाच वर्षं पाहिलं तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच राहिले.

आणि घरातल्या माणसांचं काय? त्यांचीही पाच वर्षं तपासणी झाली. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना टीबी जास्त झाला, असं दिसलं नाही. कारण लागण बहुतेक आधीच, म्हणजे आजार ओळखून गोळ्या सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. योग्य औषध सुरू झालं की रुग्णाकडून लागण होण्याचा धोका झपाट्यानं कमी होतो.

म्हणजे धोका असतो तो न तपासलेल्या खोकल्यात. गोळ्या घेणारी सून घरात आहे, यात धोका नाही. आपण तपासणीला उशीर करतो, आणि तपासून औषध सुरू केलेल्या माणसाला मात्र बाहेर काढतो. बरोबर उलटं.

ताट-तांब्याचंही तसंच. टीबी हवेतून पसरतो : खोकला, शिंक यांतून. ताटातून, कपड्यातून, हात लावल्यानं पसरत नाही. वेगळ्या भांड्याचा आणि वेगळ्या पाणवठ्याचा अपमान काय असतो, हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. तो अपमान आपण आपल्याच लेकी-सुनांच्या वाट्याला आणायचा नाही.

तिसरा धडा : ताटातलं अन्न

मद्रासच्या निबंधातून कोणी असा अर्थ काढेल की जेवणाला महत्त्व नाही. तो चुकीचा ठरेल. जंतू औषधानं मरतात, अन्नानं नाही, एवढंच तिथे दिसलं. पण घरातल्या इतरांना आजार होऊच नये, यात अन्नाचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा होता. त्याचं उत्तर झारखंडमधून आलं.

तिथल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात हा अभ्यास झाला. टीबीचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर दर महिन्याला शिधा मिळाला : तांदूळ, डाळीचं पीठ, दूध पावडर, तेल. चिठ्ठी टाकली ती घरच्यांसाठी. एका गटातल्या घरच्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना जास्तीचं काही नाही.

शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांत ९६ जणांना टीबी झाला. न मिळालेल्या ४,७२४ जणांत १२२ जणांना. किती काळ लक्ष ठेवलं वगैरे धरून हिशेब केला, तेव्हा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. २०२३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. यात कुठलंही महागडं टॉनिक नव्हतं. डाळ-तांदूळ होते.

याच अभ्यासात रुग्णांचं वजनही पाहिलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. ३६ किलोच्या बाईचे पाच टक्के म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. मात्र ही तुलना चिठ्ठी टाकून केलेली नव्हती, म्हणून ती पहिल्या निष्कर्षाइतकी पक्की धरू नये. तरी वजनकाटा काय सांगतो याकडे लक्ष ठेवावं, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

‘संशोधनात सिद्ध झालंय’ असं कोणी म्हटलं तर

पाच प्रश्न विचारा. मुलामुलींच्या वहीत लिहून ठेवा.

१. कुठे छापलं? नियतकालिकाचं नाव आणि वर्ष सांगता येतं का?

२. माणसांवर पाहिलं, की उंदरांवर, की काचेच्या नळीत?

३. किती माणसं होती?

४. तुलना कोणाशी केली, आणि गट कसे पाडले?

५. पैसा कोणाचा होता? दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिलं का?

छापलं म्हणजे शेवटचा शब्द, असंही नाही. १९९८ मध्ये याच ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्र लसीमुळे मुलांना ऑटिझम होतो की काय, अशी शंका त्यातून पसरली. घाबरून कितीतरी आईबापांनी लस टाळली. पुढे डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, तसा संबंध सापडला नाही. त्या निबंधातल्या कामात खोट असल्याचं उघड झालं आणि २०१० मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला. तपासणी छापल्यानंतरही चालू राहते, म्हणूनच चूक सापडते. काढा-पावडर विकणाऱ्यांच्या दाव्याची अशी तपासणी कोण करतं, हे त्यांनाच विचारा.

आता घरात आणि वस्तीत काय करायचं?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, बेडक्यात रक्त : यातलं काहीही दिसलं तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलांची आधी. आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. त्यांची चौकशी करा.

सुरुवातीचे आठवडे रुग्णानं तोंडावर रुमाल किंवा मास्क ठेवावा. दार-खिडकी उघडी ठेवा. बेडका झाकणाच्या डब्यात टाका. जेवण एकत्र करा.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल-केशरी होते. घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. बँक खातं जोडलंय का, ते आशाताईंकडून पाहून घ्या. अडलं तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा. हे पैसे डाळ, अंडी, हरभरे, शेंगदाणे, सुकट यांवर खर्च करा, आणि पहिला घास फक्त कर्त्या पुरुषाचा, असं करू नका.

पुढच्या बैठकीत हा लेख कोणीतरी मोठ्यानं वाचा. मग एकच प्रश्न एकमेकांना विचारा : आपल्या गल्लीत आज कोणाचं ताट वेगळं आहे? असेल तर दोघी-तिघींनी मिळून त्या घरी जा. गोळ्या नेमानं चालू आहेत का, वजन वाढतंय का, घरच्यांची तपासणी झाली का, ते पाहा. आणि त्या घरी सगळ्यांबरोबर बसून चहा घ्या.