वजनकाटा आणि चरबी

‘माझे वजन बेताचे आहे, मग मला मधुमेहाची काय भीती?’ असे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. मी त्यांना पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण देतो. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे देहभारांक, दोघांचा सारखाच: २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

अशी चरबी पोटात व यकृतात साठली, की पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. हाच इन्शुलिन-प्रतिरोध. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन स्रवते. ते थकले, की रक्तातील साखर वाढते.

उपाय दोन. पहिला आहाराचा. गरजेपेक्षा जास्त खाल्लेले, मग तो भात असो वा तूप, शेवटी चरबीतच जमा होते. म्हणून भात कमी करून उसळ, आमटी, पालेभाजी वाढवावी. पोट भरते आणि साखर सावकाश चढते. दुसरा व्यायामाचा. राबणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर ओढून घेतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार-व्यायामाची शिस्त पाळल्यावर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. तोही वजन फारसे न उतरता.

तेव्हा मित्रहो, कमरेचा घेर मोजा. तो पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आणि कॉलेजला शक्यतो पायीच या.