शहरी उद्यानातील शरदाचे पाहुणे

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन तापू लागले की उत्तरेकडील स्थलांतरित पक्षी महाराष्ट्रात उतरू लागतात. त्यांच्या दर्शनासाठी दूरच्या अभयारण्यातच गेले पाहिजे असे नाही. वस्तीजवळच्या उद्यानातही त्यांचा अभ्यास करता येतो. मुंबईतील महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे त्याचे बोलके उदाहरण होय.

कचराभूमीचे वन

धारावीलगत, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकर जागेत हे उद्यान वसले आहे. पूर्वी येथे शहराचा कचरा टाकला जात असे. १९८३ साली ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे पहिले रोप लावण्यात आले आणि १९९४ साली उद्यान जनतेसाठी खुले झाले. झाडे वाढली, फुलाफळांवर कीटक आले आणि त्यांच्यामागून पक्षी आले.

काय पाहावे?

फेरीसाठी सकाळची वेळ उत्तम. चार-पाच जणांचा लहान गट असावा. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत व बोलणे हळू असावे. केवळ नावे गोळा करण्यापेक्षा कोणता पक्षी कोठे व काय करीत आहे हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

पाण्याच्या कडेला शेपटी सतत खालीवर हलवीत किडे टिपणारा करडा धोबी हा हिवाळी पाहुणा. चिखलात चोच मारीत फिरणारा तुतवारही असाच लांबून आलेला. उंच झाडांच्या शेंड्यांत सोनपिवळा हळद्या दिसतो. वड-उंबराची फळे खाणारा तांबट मात्र येथलाच रहिवासी. तो वाळलेल्या फांदीत ढोली कोरून घरटे करतो. दाट झुडपांत भारद्वाज व नाचण वावरतात, तर दयाळ जमिनीवरील पालापाचोळ्यात भक्ष्य शोधतो.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, वेळ, हवामान, पक्ष्याचे नाव, संख्या, ठिकाण व वर्तन एवढे सात रकाने वहीत आखावेत. ओळख न पटल्यास आकार, रंग, चोच व आवाज यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. घरट्याजवळ जाऊ नये व ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांना बोलावू नये.

नोंदींचा उपयोग

अनेक ठिकाणी सुशोभीकरणाच्या नावाखाली झुडपे काढली जातात, पाचोळा जाळला जातो आणि सर्वत्र फरशी वा हिरवळ केली जाते. वाळलेली फांदी तोडली की तांबटाचे घर जाते आणि पाचोळा गेला की दयाळाचे अन्न जाते. धोकादायक फांद्या अवश्य काढाव्यात. परंतु उद्यानाचा एखादा कोपरा जसाच्या तसा राखण्यास विशेष खर्च येत नाही. तो कोपरा कोणता असावा, हे अशा नोंदींवरूनच ठरविता येते.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. या सप्ताहात शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह जवळच्या उद्यानात, देवराईत वा गावतळ्यावर फेरी काढावी आणि नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीस अथवा नगरपरिषदेस द्यावी. दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवसांत नोंदी घेतल्यास कोणते पाहुणे येईनासे झाले हे वेळीच कळेल आणि उपायही वेळीच करता येतील.