धुऱ्यावरचं गवत आणि स्क्रब टायफस



पावसाळ्यात ताप आला की आपण मलेरिया नाहीतर डेंग्यू म्हणतो. पण 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं दगावली. स्क्रब म्हणजे झुडपं. रोगाच्या नावातच त्याचं घर सांगितलंय.

हा ताप डासामुळे येत नाही, गोचिडामुळेही नाही. चिगर नावाच्या बारीक किड्याची पिल्लं चावल्याने येतो. मोठा किडा मातीतच राहतो, तो चावत नाही. पिल्लू मात्र गवताच्या पात्यावर बसून उंदराची वाट पाहतं, आणि आपण तिथून गेलो तर आपल्याला चिकटतं. ते इतकं लहान असतं की सहसा दिसत नाही. रोगाचे जंतू किड्याच्या मादीकडून पिल्लांत येतात, त्यामुळे एखाद्या जागी रोग टिकून राहतो. म्हणूनच एका धुऱ्यावर धोका असतो आणि शेजारच्या धुऱ्यावर नसतो.

अशा जागा बऱ्याचदा आपणच तयार करतो. जंगल तोडून जमीन तशीच सोडली की तिथे झुडपं माजतात. पडीत शेत, नाल्याचा काठ, गोठ्यामागचं गवत, सगळं तसंच. त्यात घरात धान्य उघडं, बाहेर सरपणाचा ढीग, म्हणजे उंदरांची सोयच झाली! जिथे उंदीर, तिथे चिगरचं पोट भरतं. पाऊस पडला, गवत वाढलं की ही पिल्लं वाढतात. आणि निंदण, चारा कापणं ही आपली कामंही नेमकी तेव्हाच.

म्हणून घराभोवतीचं गवत कापून ठेवा. पेटवून द्या असं मी म्हणणार नाही, शेजारणीचं कुटारही जायचं. सरपण भिंतीपासून लांब रचा. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, ते झुडपावर वाळत घालू नका, नुसत्या गवतावर बसू नका. घरी आलं की साबणाने आंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चावल्यावर साधारण 6 ते 21 दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावल्याच्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. बरेचदा ती काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा परकराच्या नाडीच्या जागी असते. आपण बायका ती दाखवतच नाही, आणि डॉक्टरला कळत नाही. काहींना खपली येतच नाही, तरी ताप तोच असतो.

वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने माणूस बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूवर जातं. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नका. दिवस गेले असतील तर ते आधी सांगा, औषध वेगळं द्यावं लागतं. डॉक्टरसमोर लाज वाटत असेल तर खपली नर्सताईला किंवा आशाताईला दाखवा. आणि गेल्या पंधरा-वीस दिवसांत धुऱ्यावर, पडीतात गेला होतात का, हे विचारायची वाट न पाहता सांगा.