बारावीची सुट्टी: इंटर्नशिपला पैसे द्यायचे की घ्यायचे?

बारावीचा शेवटचा पेपर संपतो न संपतो तोच पालकांच्या व्हॉट्सॲपवर जाहिराती येऊन पडतात. सीईटीच्या क्रॅश कोर्सची जाहिरात ओळखीची झाली. अलीकडची दुसरी असते: इंटर्नशिप, लाइव्ह प्रोजेक्ट आणि सर्टिफिकेट, सगळे मिळून सात-आठ हजार, वर जीएसटी. शेजारच्यांनी भरले म्हटल्यावर आपलाही हात खिशाकडे जातो. त्याआधी कागद-पेन घेऊन थोडा हिशेब मांडलेला बरा.

आधी दिवस मोजा. 2025मध्ये बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली, एप्रिल एमएचटी-सीईटीत गेला, ‘नीट’ 4 मेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डाचा निकाल लागला. जूनअखेरीस इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाची नोंदणी सुरू झाली. म्हणजे विज्ञान शाखेच्या मुलांच्या हाती सलग असे सात-आठ आठवडेच उरतात. कला-वाणिज्यवाल्यांना थोडे अधिक. त्यातलेही काही दिवस डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरसाठी सेतू केंद्राच्या फेऱ्यांत जातात. तीन महिन्यांच्या ‘प्रोग्रॅम’ची पूर्ण फी आधीच भरून घेणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ असते. मूल मध्येच सोडणार, हे त्याने धरलेलेच असते.

मग सर्टिफिकेटचे मोल. राज्यातले इंजिनिअरिंगचे केंद्रीभूत प्रवेश मुख्यतः सीईटी आणि जेईईच्या गुणांवर होतात, मेडिकलचे ‘नीट’वर. तिथे इंटर्नशिपच्या कागदाला शून्य गुण. डिझाइनच्या संस्था मुलांचे काम पाहतात, अमेरिकी विद्यापीठे अभ्यासाबाहेरचे उपक्रम विचारतात, हे खरे. पण तिथले बहुतेक नियमित अर्ज जानेवारीच्या आसपासच बंद होतात, आणि एनआयडीची पूर्वपरीक्षाही मेच्या कितीतरी आधी उरकलेली असते. ‘ॲडमिशनला उपयोग होतो’ असे कुणी फोनवर सांगितले, तर कोणत्या कॉलेजच्या कोणत्या नियमात ते लिहून द्या म्हणावे. बहुधा पुढचा फोन येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: इंटर्नशिपसाठी मुलाने मालकाला पैसे द्यायचे नाहीत. पैसे घेऊन शिकवत असतील तर तो क्लास झाला, आणि क्लासला जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारायचे. शिकवणार कोण, एकूण तास किती, बॅचमध्ये मुले किती, आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत की समोर माणूस? बऱ्याच ‘इंटर्नशिप’ या प्रश्नांपुढे टिकत नाहीत. शिक्षण मंत्रालयाच्या ‘स्वयम’वरचे अभ्यासक्रम तर फुकट आहेत, तिथल्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांचे प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी साधारण हजाराच्या आसपास.

स्टायपेंडची आशा ठेवावी का? सतरा वर्षांच्या मुलाने फार ठेवू नये. सरकारी योजनांची नावे जाहिरातींत सर्रास वापरली जातात, म्हणून वयाची अट आधी पाहा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 21 ते 24 वयोगटासाठी सुरू झाली. 2024ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 18 ते 35 वयोगटाची. बारावी उत्तीर्णांना महिना 6,000 रुपये, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. ॲप्रेंटिसशिपच्या 2019च्या नियमांनी बारावी उत्तीर्णांना किमान 7,000 रुपये ठरवून दिले, मात्र ते प्रशिक्षण निदान सहा महिन्यांचे असते. वर्षभर थांबायचे ठरवलेल्यांनी त्याचा विचार करावा, दोन महिन्यांच्या सुट्टीत ते बसत नाही.

उरते ते ओळखीपाळखीचे काम. सीएचे किंवा वकिलाचे ऑफिस, आर्किटेक्टचा स्टुडिओ, गावातले वृत्तपत्र, छापखाना, कृषी विज्ञान केंद्र, एखादी संस्था. पैसे मिळत नाहीत, पण काम खरे असते. तेही पूर्ण फुकट पडत नाही, हे घरात आधी बोलून घ्या. पुण्यात जून 2025च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचा महिन्याचा सर्वसाधारण पास 1,500 रुपयांचा झाला. दुपारचे खाणे रोज ऐंशी-शंभर धरले तर चोवीस दिवसांचे दोन-अडीच हजार. चहा, डेटा पॅक, एखादी रिक्षा. महिन्याला चार-साडेचार हजार सहज होतात. डबा घरून नेला तर निम्म्यावर येते, आणि मुले नेमकी तिथेच नाही म्हणतात. तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने जाणाऱ्या मुलींना मार्च 2023पासून निम्मे तिकीट आहे, तेवढी बचत धरा.

परगावी पाठवायचे असेल तर गणितच बदलते. मुंबई-पुण्यात पीजीतली एक कॉट सहा ते दहा हजार, मेस तीन-साडेतीन हजार, शिवाय एक-दोन महिन्यांचे डिपॉझिट, जे पूर्ण परत मिळेलच असे नाही. दीड महिन्यासाठी वीस-पंचवीस हजार जातात. एवढ्या पैशांत बरा जुना लॅपटॉप येतो. मावशी-काकांकडे राहायची सोय नसेल तर मी पाठवणार नाही.

कोर्सलाच पैसे घालायचे असतील तर बाजारात किंमत असलेला घ्या. सरकारी नोकरीच्या जाहिरातींत संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी अजून चालते; फी साडेचार-पाच हजारांच्या घरात. टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा, मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांची, लिपिकाच्या पदांना लागते. दोन्हींत चमक काही नाही, पण कागद चालतो.

प्रोजेक्टला मात्र फार खर्च लागत नाही. रोबोटिक्सच्या वर्कशॉपला पाच हजार घेतात. त्यातला आर्डुइनोसारखा बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पाचशे-सातशेला मिळतो, सेन्सर आणि वायरी धरून दीड हजारात खेळ सुरू. त्याहून स्वस्त काम गावात आहे. मे महिन्यात विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. दहा-बारा विहिरी निवडायच्या, दर आठवड्याला दोरी सोडून पातळी मोजायची, कोणत्या शेतात बोअर किती खोल गेले ते विचारायचे, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा मोजायचे. खर्च दोरी आणि वहीचा. पुढे कॉलेजात कुणी ‘सुट्टीत काय केलेस’ विचारले, तर सांगण्यासारखे याच कामात अधिक असते. फक्त मोजताना सोबत मोठे माणूस हवे. जुन्या विहिरींचे कठडे ढासळलेले असतात.

हॉटेलच्या हॉलमधले ‘मोफत करिअर सेमिनार’ मोफतच असतात, फक्त दारात घेतलेल्या फोन नंबरवर दिवाळीपर्यंत फोन येत राहतात. जायला हरकत नाही. ‘आज सीट ब्लॉक केली तर सवलत’ म्हटले की उठायचे.

काम देण्याआधी सुरक्षा ठेव, आयडी कार्डाचे पैसे किंवा मुलाच्या बँक खात्याचा वापर मागितला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. घरबसल्या फॉर्म भरण्याच्या कामात आधी करारावर सही घेतात आणि मग ‘चुका झाल्या, नुकसान भरा’ म्हणून नोटीस धाडतात. मूल अठराच्या आतले असेल तर 1872च्या करार कायद्याप्रमाणे तो करार त्याच्यावर बंधनकारक नाही, तेव्हा घाबरून पैसे भरू नका. मात्र पालकांनी स्वतः सही केलेली असेल तर गोष्ट वेगळी.

फी द्याल ती संस्थेच्या नावाच्या खात्यातच द्या, कुणा ‘सरां’च्या वैयक्तिक यूपीआयवर नको. पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का पाहा आणि पैसे परत करण्याचा नियम लेखी घ्या. फसगत वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा, कारण तक्रार होईपर्यंत जाहिरात बदललेली असते.