बागेतली आगगाडी आणि तपशिलांचा बाजार

नागपूर-छिंदवाडा ही छोटी लाईन 2015 साली रुंदीकरणासाठी बंद झाली आणि सौंसर, रामाकोना या बाजूच्या माणसांना जी हुरहूर लागून राहिली, तिचाही सौदा करणारे लोक शहरात दुकान थाटून बसलेले असतात, हे मला आता कुणी पटवून देण्याची गरज उरलेली नाही.

मजकूर असा की, पांढुर्ण्याच्या आमच्या घरासमोरील बागेत संत्र्याच्या झाडांभोवती रूळ टाकून त्यावर त्या लाईनीचे डिझेल इंजिन आणि दोन डबे चालवावेत, अशी माझी इच्छा होती. कारागिराकडे कामाचे तीन दर्जे होते. मी मधला मागितला. बागेत, उन्हापावसात चालवायचे आहे, असे पत्रात स्वच्छ लिहिले. त्यावर, अर्धवट काम आपल्या नावाला शोभणार नाही, असा आग्रह धरून त्याने संग्रहालयी दर्जा माझ्या गळ्यात मारला. पायऱ्या, व्हॅक्यूमचे पाईप, खिडक्यांचे गज, दारांच्या कड्या या प्रत्येकाची आकारणी वेगळी होती.

ज्येष्ठातल्या एका दुपारी इंजिन उचलले, तेव्हा केसासारखा बारीक पितळी कठडा त्याच्या अंगावरून सुटून माझ्या बोटांत राहिला. त्याच्या दोन्ही टोकांना झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा पांढरट थर होता. भोक नव्हते, डाख नव्हता, नुसता डिंक! पायऱ्या तर त्याआधीच गिट्टीत पडल्या होत्या. फोन केला, तेव्हा ज्या मुखातून दर्जाची महती ऐकली होती, त्याच मुखातून उत्तर आले, “अहो काका, ही शोकेसची वस्तू, उन्हात कोण ठेवतं?” नुकसानीपेक्षा हा ‘काका’ मला अधिक झोंबला, कारण बयाणा मिळेपर्यंत मी ‘साहेब’ होतो.

असो. ज्यांना हा नाद आहे त्यांनी गाडी कुठून पाहणार, हे प्रथम ठरवावे. दहा फुटांवरून एक मिलिमीटरहून बारीक वस्तू निरोगी डोळ्यालाही जेमतेम वेगळी दिसते. आपली लाईन अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची, आणि बागेतल्या रुळांचे प्रचलित अंतर 45 मिलिमीटर. भागाकार केला की प्रमाण सुमारे 1:17 येते. अर्थात खऱ्या डब्यावरची अर्ध्या इंचाची कडी इथे पाऊण मिलिमीटरची होते, आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीवरून तिचे दर्शन ब्रह्मदेवालाही घडणार नाही. छपराचा उतार, खिडक्यांची रांग, इंजिनाच्या नाकाची ठेवण, रंगाची छटा यांवर मात्र सढळ हाताने खर्च करावा, कारण दुरून ओळख पटते ती यांच्यामुळे. मापाबद्दल शंका असेल, तर नागपूरला मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जावे आणि खऱ्या डब्यापासून चांगले लांब उभे राहून काय दिसते ते पाहावे.

पुण्यात कोथरूडला जोशींचे लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथल्या नाजूक कामाला छप्पर आहे, आणि नाजूकपणा तिथेच शोभतो. उलट जर्मनीच्या न्यूरेंबर्गमध्ये 1968 साली सुरू झालेल्या एलजीबी या नावाच्या बागेतल्या गाड्यांचे कठडे मुद्दाम जाडसर केलेले असतात. त्याला कुणी कसूर म्हणत नाही.

कठड्याची तार दीड मिलिमीटरची घ्यावी आणि भोकातून आत नेऊन वाकवावी. रुळाच्या पातळीजवळ लोंबणारे सारे रबराचे करावे किंवा सरळ गाळावे, कारण वळण जेवढे आखूड, तेवढी बोगी पायऱ्यांना घासते. पितळी रूळ चाळीस अंशांच्या फरकाने दर दहा मीटरला सुमारे साडेसात मिलिमीटर वाढतात, म्हणून सांध्यांत फट हवी. गाडी रात्री घरात घ्यावी. माकडांना तपशिलाचा आदर नसतो. घाई करू नये, चार ठिकाणी चौकशी करावी, हे तर कुणीही सांगेल.

बयाणा चौथाईहून अधिक देऊ नये, आणि ‘बागेत, उन्हापावसात चालवण्यासाठी’ हे शब्द कारागिराच्याच हस्ताक्षरात पावतीवर घ्यावेत. माझ्या पत्रात ते आहेत, त्याच्या पावतीत नाहीत, आणि तेवढ्याच बळावर तो गृहस्थ आज निर्धास्त आहे.