दोन फुटी टाकीत झाडं: दिव्याला किती, तळाला किती?

मासे पाळणाऱ्याला पाणवनस्पतींची हौस लागली की तो दुकानात आधी दिवे पाहतो. माझं ऐकाल तर दिवा सगळ्यात शेवटी घ्या. आधी झाडं ठरवा, मग तळ. महागडा दिवा एकटा येत नाही. मागून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, खतांच्या बाटल्या अशी वरात येते.

हिशेबाला २४ × १२ × १२ इंचांची टाकी घेऊ. मापाने ५६-५७ लिटर, प्रत्यक्षात पाणी चाळीस-पंचेचाळीस. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत, शहर आणि दुकानाप्रमाणे फरक पडेल.

अनुबियास आणि जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची झाडं. त्यांचा जाड आडवा खोडकंद मातीत पुरला तर कुजतो. टाकीत एवढीच झाडं असतील तर महागड्या मातीवर खर्च कशाला? व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरायनी मात्र मुळांनी खाणारी. (क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही उगवतात.) त्यांना पाच सेंटिमीटर थर हवा, म्हणजे या टाकीला ९ लिटर.

हा थर साध्या फिल्टरच्या वाळूचा केला तर सुमारे १४ किलो लागते. किलोला वीस ते चाळीस रुपये धरले तरी सहाशेच्या वर जात नाही. मुळांशी खोचायच्या खताच्या गोळ्यांचे दोनेकशे वेगळे. वाळू बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, आणि त्याआधी मूठभर वाळूवर लिंबू पिळून पाहायचं. फेस आला तर त्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत, पाणी जड होणार. संगमरवरी खडेही म्हणूनच नकोत. रंगवलेल्या खड्यांबद्दल न बोललेलंच बरं.

अ‍ॅक्वा सॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. ९ लिटरला स्वस्तातला माल दीड-दोन हजारांत, नावाजलेला आयात माल साडेतीन-चार हजारांच्या पुढे. झाडं जोमाने वाढतात हे खरं, पण ही माती पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. तेवढे दिवस वरचेवर पाणी बदला आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नका. वर्ष-दोन वर्षांत तिच्यातला कसही संपतो. बोअरचं जड पाणी असेल तर पाणी मऊ ठेवण्याचा तिचा गुण त्याहून लवकर जातो. अशा घरात मी वाळूच सुचवीन.

आता दिवा. वॅट नव्हे, लुमेन पाहा. लिटरमागे १५ ते २५ लुमेन सोशिक झाडांना पुरतात. पन्नासच्या पुढे गेलात की कार्बन डायऑक्साइडवाचून शेवाळ माजतं, आणि त्या वायूचा संच सहा ते दहा हजारांना पडतो. घरात लावतो तीच दोन फुटी, १० वॅटची, ६५०० केल्विनची एलईडी बॅटन दोनशे-अडीचशेला मिळते आणि हजाराच्या आसपास लुमेन देते. वर सांगितलेल्या झाडांना एक पुरे. टाकीसाठीचा खास दिवा हजार-दीड हजारांपासून सुरू होतो, नावाजलेला पाच हजारांच्या पुढे. तो रंग खुलवतो, पाण्याच्या वाफेलाही टिकतो. अनुबियासला त्याने काही फरक पडत नाही.

बॅटन लावलीत तर टाकीवर काचेचं झाकण हवंच. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाशीच गळून पडेल.

तीन-चारशेचा टायमर मात्र टाळू नका. सुरुवातीला रोज सहा तास पुरेत. १० वॅटला महिन्याला दोन युनिटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे विजेच्या बिलाची चिंता नको. काचेवर हिरवा थर धरू लागला तर तासभर कमी करा आणि दोन आठवडे वाट पाहा.