भूकंपानंतरचे धक्के : ओसरतात कसे आणि किती काळ?

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे १९४२ च्या हुतात्म्यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. भूकंपाच्या संदर्भात त्याचे नाव सहसा कोणाला आठवणार नाही. तथापि वर्धा नदीवरील ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय या गावापासून दूर नाही. आणि २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ महत्तेचा जो भूकंप झाला, त्याचे हादरे विदर्भाच्या काही भागांतही जाणवले. त्या दिवशी पहिल्या धक्क्यानंतर सुमारे दहा मिनिटांतच ३.६ महत्तेचा दुसरा धक्का बसला. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणि शाळेच्या पटांगणात एकच प्रश्न विचारला जातो : आता आणखी किती? अफवांना ऊत येतो तो याच प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही म्हणून. वास्तविक, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शास्त्राला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी जपानच्या नोबी प्रदेशात प्रचंड भूकंप होऊन सात हजारांवर माणसे दगावली. पुढे दीर्घकाळ तेथे धक्के बसत राहिले. फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञाने त्या धक्क्यांची मोजदाद तपासली आणि १८९४ मध्ये एक साधा नियम मांडला : मुख्य भूकंपानंतर जसजसा काळ लोटतो, तसतशी धक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १९६१ मध्ये उत्सू या दुसऱ्या जपानी शास्त्रज्ञाने या नियमात थोडी सुधारणा केली. घट कोठे किंचित मंद, तर कोठे अधिक वेगाने होते, एवढाच तिचा आशय.

शाळेच्या फळ्यावर मांडता येईल असे काल्पनिक उदाहरण घेऊ. मुख्य भूकंपानंतर एक दिवस लोटला, तेव्हा दिवसाला २४० या गतीने लहानमोठे धक्के नोंदले जात आहेत. दोन दिवस लोटल्यावर ही गती १२० वर येईल, दहा दिवसांनी २४ वर, आणि शंभर दिवसांनी दिवसाला दोन-तीन धक्क्यांवर. आरंभीची उतरण इतकी तीव्र असते की आठवड्याभरात संकट टळले असे वाटू लागते. परंतु बेरीज करून पाहिली म्हणजे निराळेच चित्र दिसते. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जितके धक्के बसतील, जवळजवळ तितकेच दहाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत बसतील. ते विरळ पसरलेले असतील, इतकेच. ही शेपटी फार लांब असते. नोबीच्या धक्क्यांचा मागोवा तर पुढे शतकभर घेतला गेला आणि ओमोरींचा नियम टिकून राहिला.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. धक्के दिवसेंदिवस लहान होत जातात, असे लोक मानतात. ते खरे नाही. ते कमी होतात, लहान होत नाहीत. लहान व मोठ्या धक्क्यांचे परस्परप्रमाण सामान्यतः कायम राहते : महत्ता एका अंकाने कमी, तर संख्या सुमारे दहापट. म्हणून चाळिसाव्या दिवशी एखादा जबर धक्का बसला तर तो नव्या प्रलयाची नांदी ठरत नाही. त्याची शक्यता घटली होती, पण शून्य झाली नव्हती.

सर्वांत मोठा अनुवर्ती धक्का मुख्य भूकंपापेक्षा साधारणपणे १.२ महत्तेने लहान असतो, असे स्वीडनच्या बाथ यांनी दाखवून दिले. ही सरासरी आहे, हमी नव्हे. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ महत्तेच्या भूकंपानंतर सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ महत्तेचा धक्का बसला आणि आणखी दोनशेवर माणसे मृत्यू पावली. पहिल्या धक्क्याने खिळखिळ्या झालेल्या घरांना दुसरा धक्का तेवढाच मोठा असावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचा भार कोसळून हजारो जीव गेले. अशाच बांधणीची, तडे गेलेली पण उभी राहिलेली घरे धक्के विरळ झाल्यानंतरही धोक्याचीच असतात. त्यांत परत राहावयास जाण्याचा निर्णय दिवस मोजून नव्हे, भिंती तपासून घ्यावयाचा असतो.

किल्लारीने आणखी एक अवघड धडा शिकविला. तेथे १९९२ च्या अखेरीस, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. लहान धक्क्यांची मालिका आपोआप विरून जाईल की मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना ठरेल, हे त्या वेळी सांगता येत नव्हते व आजही निश्चित सांगता येत नाही. बहुतेक मालिका विरतात, एवढेच म्हणता येते.

कोयनेचे प्रकरण मात्र या नियमात पूर्णतः बसत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे सुमारे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. ओमोरींच्या हिशेबाप्रमाणे तेथील भूमी केव्हाच बरीचशी शांत व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात १९७३, १९८० आणि पुढेही पाच व त्याहून अधिक महत्तेचे धक्के बसत राहिले. १९९० नंतर त्यांचे क्षेत्र दक्षिणेस वारणा जलाशयाकडेही पसरले. कारण असे की, येथे एका धक्क्याचे उरलेले पडसाद तेवढे उमटत नाहीत. दरवर्षी पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो आणि पाण्याचा दाब खडकांतील भ्रंशांपर्यंत पोहोचतो. मालिकेला पुन्हा पुन्हा नवी सुरुवात मिळते.

मग ऊर्ध्व वर्धेचे काय, असा प्रश्न आष्टीचा एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारीलच. जगातील हजारो जलाशयांपैकी थोड्यांच्याच परिसरात असे भूकंप झाले आहेत. पाणी भूकंप निर्माण करीत नाही; भूगर्भात ताण आधीच साचलेला असेल, तर ते त्याला वाट करून देते. कोयनेच्या खाली तसा ताण होता. केवळ जलाशय आहे म्हणून तो सर्वत्र असतो असे नाही.

धक्के जाणवू लागल्यास शिक्षकांना करता येण्याजोगे काम साधे आहे. एका वहीत तारीख, वेळ आणि धक्का कोणाकोणाला, कसा जाणवला याची नोंद ठेवावी व रोजची संख्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. चार-सहा दिवसांत उतरण दिसू लागते. ती न दिसता संख्या वाढतच असेल, तर वही घेऊन तहसील कार्यालयात जावे.